हॉटेल बदललं

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास सुनीती बाथरूममधलं कपाट आवरायला गेली, आणि तिथे तिला वडिलांच्या नव्या गोळ्यांची बाटली सापडली. झाकणावरची पट्टी फाटलेली नव्हती. आतली एकही गोळी कमी झाली नव्हती.

बाटली हातात घेऊन ती टबाच्या काठावर टेकली. तिचे पप्पा, बबनराव गजभिये, गेल्या रविवारीच ब्रिस्टलहून दिल्लीला गेले होते. १९९१चा एप्रिल होता. उद्या चौदा तारखेला बाबासाहेबांच्या जन्माला शंभर वर्षं पुरी होत होती. विमानाच्या कारखान्यात तीस वर्षं फिटरकी केलेल्या माणसाने निवृत्त झाल्यावर एकच हट्ट धरला होता, की त्या दिवशी आपण दिल्लीत असायचं.

हृदयाची गोळी ते बरीच वर्षं रोज एक घेत आले होते. ती पांढरी होती, अडीचशे मायक्रोग्रॅमची. मार्चमध्ये मूत्रपिंडं थकल्याचं तपासणीत निघालं, म्हणून निघायच्या दोन दिवस आधी डॉक्टरांनी डोस निम्म्यावर आणला आणि त्याच औषधाच्या साडेबासष्टच्या निळ्या गोळ्या दिल्या, रोज दोन. विमानतळाच्या बसमध्ये चढवताना सुनीतीने त्यांना बजावलं होतं, "पप्पा, उद्यापासून एक नाही, दोन." निळ्या, हे मात्र ती म्हणाली नव्हती. आणि निळ्या इथेच होत्या. म्हणजे पप्पा तिकडे दोन पांढऱ्या घेत होते. सव्वाशेच्या जागी पाचशे. चौपट.

रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलीला पुढचा हिशेब करावाच लागला नाही, तो आपोआप झाला. थकलेल्या मूत्रपिंडांतून हे औषध अर्धं बाहेर पडायला तीन-चार दिवस लागतात. ते निघायच्या आत वर आणखी दोन, आणखी दोन. सहा सकाळी झाल्या होत्या. सातवी उद्याची.

सुट्टीच्या दिवशी फोनवर असलेल्या डॉक्टरने ऐकून घेतलं आणि एका दमात सांगितलं, "गोळी ताबडतोब बंद. आजच इसीजी, आजच रक्त. उद्यावर ढकलू नका."

तिने दिल्लीचा नंबर फिरवला. तो तिला पाठ होता, कारण जागा तिनेच निवडली होती. लायब्ररीतून प्रवासाची दोन पुस्तकं आणून, आलेखाच्या कागदावर तक्ता आखून: तळमजल्यावर खोली आहे का, खोलीत फोन आहे का, संसद किती लांब. एकोणीस जागांमधून करोल बागेतलं एक गेस्ट हाऊस उरलं होतं. पप्पा तक्त्याकडे बघून म्हणाले होते, "जावई निवडतानासुद्धा एवढं बघत नाहीत गं."

फोन एंगेज्ड. पुन्हा एंगेज्ड. चौथ्यांदा फिरवता फिरवता तिचं बोट थांबलं. गुरुवारी ती लॅबमध्ये असताना पप्पांनी आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवला होता. तिने टेप मागे घेतली.

"सुनीती, मी पप्पा. तब्येत बरी आहे, जरा मळमळतं, तेवढं चालायचंच. बरं का, ते पहिलं हॉटेल सोडलं मी. माणसं बरी नाहीत. आता स्टेशनाजवळच्या हॉटेलात जातो. मालक आपल्या भंडाऱ्याकडचा आहे. आडनाव ऐकलं तरी शेजारी बसवून घेतलं त्याने. काळजी करू नको. जय भीम."

मळमळतं. गुरुवारी हा शब्द तिच्या कानावरून नुसताच गेला होता. आज तिला कळलं, औषध अंगात साठल्याची ही पहिली खूण. आणि ज्या जागेचा नंबर पाठ होता ती जागा तर त्यांनी सोडली होती.

तिने पुस्तक उघडलं. नवी दिल्ली स्टेशनाजवळ तेवीस हॉटेलं, जुनी दिल्ली स्टेशनाजवळ सात. पप्पा कुठलं निवडतील? पाटी मराठी नावाची असेल. जिना अरुंद नसेल. ती एकेका नावाखाली रेघ मारत गेली, आणि मग नुसतीच वरपासून खालपर्यंत फोन लावत सुटली.

"गजभिये? कौन गजब?"

"गजब नाही, गजभिये. बबन गजभिये. फ्रॉम इंग्लंड. बूढे हैं."

"मॅडम, यहाँ तो सब गजब ही हैं." तिकडे कोणीतरी हसलं, फोन खाली गेला.

दुसऱ्या ठिकाणी रजिस्टर उघडायला सहा मिनिटं लागली आणि नाव नव्हतं. तिसरा नंबर एका कापड दुकानाचा निघाला. काही नंबर वाजतच राहिले. बारा वाजले, एक वाजला. दिल्लीत साडेपाच झाले असतील. रेघ मारलेली सगळी नावं संपली, तेव्हा पुस्तकातली अक्षरं तिला पाण्यातून दिसल्यासारखी दिसायला लागली. तिने डोळे पुसले आणि क्रॉयडनला आत्याला फोन केला. निदान भंडाऱ्याकडचा तो मालक आत्याच्या माहितीतला असला तर.

द्रौपदीआत्या पप्पांची थोरली बहीण. क्रॉयडनमधल्या एका ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ती पंधरा वर्षं होती, आणि आवाज अजून शंभर माणसांना पुरेल असा होता.

"अगं रडतेस काय अशी? नीट सांग."

सुनीतीने सांगितलं. गोळ्या, चौपट, सहा दिवस, हॉटेल.

"आणि तो गेला कशाला तिथून? तू एवढं ते कागदावर आखून दिलेलं."

"आय डोन्ट नो, आत्या. माणसं बरी नाहीत म्हणाले. तुम्हीच ऐका." तिने रिसीव्हर मशीनच्या स्पीकरला लावला आणि टेप पुन्हा सुरू केली. "जय भीम"नंतर खट्‌ आवाज झाला. तिने रिसीव्हर कानाशी घेतला.

"आत्या?"

"तू कुठे कुठे फोन केलास?"

"सगळ्या हॉटेल्सना. स्टेशनजवळच्या."

"अगं माझे बाई!" आत्या म्हणाली. "हॉटेल म्हणजे खायचं गं! चहाचं, भज्याचं, राइसप्लेटचं. हॉटेलात झोपायला कोण जातं? झोपायचं ते लॉज."

"पण ते म्हणाले, जातो. आय ॲम गोइंग."

"जातो म्हणजे जेवायला जातो. रोज जातो. राहतो म्हणाला का तो? राहत असता तर राहतो म्हणाला असता." आत्याचा आवाज जरा उतरला. "आमच्या गावात एकच हॉटेल होतं. आमचे कप बाहेर, कुडाच्या भोकात खोचलेले. आपला आपण काढायचा, प्यायचा, विसळून परत खोचायचा. बबन तेव्हापासून हॉटेल निवडून निवडून जातो. पहिल्या ठिकाणी कोणी काही बोललं असेल, दुसरं धरलं त्याने. तो हललेला नाही कुठे. तू निवडलंस तिथेच आहे तो. ठेव फोन, लाव तिकडे!"

तीन तास. ते तिथेच होते आणि तिने तीन तास सगळी दिल्ली पालथी घातली होती, तेवढा एक नंबर सोडून.

आठ वेळा एंगेज्ड आला. नवव्यांदा फोन वाजला.

"हां जी, राजीव बोल रहा हूँ."

तिने नाव सांगितलं. गेस्ट हाऊसच्या काउंटरवरचा तो मुलगा हसला नाही. "अंकल? कमरे में हैं. कल से बाहर नहीं निकले. उल्टी हो रही है. मैंने कहा डॉक्टर बुला दूँ, तो बोले सफर की थकान है." आणि त्याने फोन खोलीत जोडून दिला.

"सुनीती का?" पप्पांचा आवाज कोरडा पडला होता.

"पप्पा, गोळ्या कुठल्या घेता? पांढऱ्या?"

"पांढऱ्याच. दोन. एकही दिवस चुकवला नाही."

"त्या घेऊ नका! त्या जुन्या आहेत. निळ्या इथेच राहिल्या. तुम्हाला चौपट डोस गेलाय, पप्पा. आत्ता हॉस्पिटलला जायचंय."

पलीकडे नुसता पंख्याचा आवाज. मग ते म्हणाले, "तरीच. बल्बभोवती पिवळं पिवळं दिसतंय कालपासून." आणि थोड्या वेळाने, "उद्याचा दिवस होऊ दे. एवढ्यासाठी आलो. परवा दाखवतो डॉक्टरला."

"नाही! उद्या नाही, आज."

"साठ वर्षं वाट बघितली गं. एका रात्रीने काय होतंय?"

काय होतं ते तिला आकड्यांसकट माहीत होतं, पण मराठीत सांगायला शब्द सापडेनात. "पप्पा, हार्ट थांबतो," ती कशीबशी म्हणाली. "मी दोन सांगितल्या. निळ्या म्हणाले नाही. माझा चूक आहे. सगळा माझा चूक."

"माझी," पप्पांनी सवयीने दुरुस्त केलं. "माझी चूक."

तिला त्यांचा श्वास ऐकू येत होता. तो मोजावा असं तिला वाटलं, पण मोजता येईना.

"त्या पोराला बोलावतो इकडे," ते शेवटी म्हणाले. "बूट घालायला वाकवत नाहीये मला."

पप्पांनी हाक मारली तसा राजीव खोलीत आला. सुनीतीने त्याला घड्याळ काढायला लावलं, पप्पांचं मनगट धरून नाडी मोजायला लावली, आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पुरा फिरेपर्यंत ती रिसीव्हर कानाशी धरून उभी राहिली.

"उनतालीस," राजीव म्हणाला.

"म्हणजे किती? उनतालीस म्हणजे किती?"

"थर्टी नाइन."

साठ तरी हवी होती. "अभी. अभी के अभी ले जाओ. बाटली पण घ्या, डॉक्टरला दाखवा. प्लीज."

"टॅक्सी बाहर खड़ी है. मैडम, वहाँ पूछेंगे मरीज के कौन लगते हो. बिना रिश्तेदार के भर्ती में टाइम लगाते हैं."

"मैं तो इंग्लंड में..." तिला पुढे सुचेना.

"भतीजा लिखवा दूँगा," राजीव म्हणाला. "चलो चाचाजी, मेरे कंधे पर हाथ रखो."

रिसीव्हर कुठेतरी लाकडावर आपटला. जागेवर ठेवायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. बुटांचे आवाज झाले, एक दमदार, एक फरफटत. दार उघडलं, बाहेरचे हॉर्न आत आले. पप्पा त्या मुलाला मोडक्या हिंदीत विचारत होते, त्याने सकाळपासून काही खाल्लंय का. मग दार लागलं आणि पंखा तेवढा फिरत राहिला.

सुनीतीने आपला फोन ठेवला नाही. रिकाम्या खोलीतला तो पंखा ऐकत ती ओट्याशी उभी राहिली.