मालकाचा गाडीसोबत फोटो

एकोणीस वर्षं ज्या क्लबची वेबसाइट मी सांभाळली त्या क्लबची मी सभासदच नाही, हे मला एका सोमवारी सकाळी कळलं. हातात ओला फडका होता आणि फोन खांद्याने कानाशी दाबून धरला होता.

फोन वेबसाइटवालीचा होता. मोटारसायकल मालकांचा आमचा क्लब. जुनी वेबसाइट मोडीत काढून नवी करायचं काम त्यांनी हिला दिलेलं. ही घरूनच काम करते, कडेवर तान्हं असतं आणि ते फोनवर मध्येच आपलं मत मांडतं. आमची अजून गाठ पडलेली नाही, पण पहिल्या दिवसापासून मला काकू म्हणते.

"काकू, नव्या साइटवर आत जायला प्रत्येकाला सभासद क्रमांक लागणार. तुमचा सांगा, म्हणजे तुमचं खातं पहिलं उघडते."

"ह्यांचा चार आहे."

"तो काकांचा झाला. तो आता दिवंगतांच्या पानावर गेला ना. तुमचा स्वतःचा?"

"शोधून सांगते," म्हटलं आणि फोन ठेवला. शोधायचं काय, कपाळ! बेचाळीस जणांची यादी मीच टाइप केलेली, मला तोंडपाठ. तीत मी नव्हते. कधीच नव्हते. आणि खरं सांगते, इतक्या वर्षांत ते माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

आमचे हे क्लब सुरू करणाऱ्या चौघांपैकी एक. रविवारी उजाडता उजाडता निघायचं, दिवसभर रस्ते तुडवायचे, संध्याकाळी धुळीने माखून परत. पुढे हे, मागे मी. घरी आल्यावर ह्यांनी आडवं व्हायचं आणि मी कॉम्प्युटरपुढे बसायचं. सहलीचं वर्णन मी लिहायचं, फोटो मी चढवायचे, खाली नाव ह्यांचं. "तुझं नाव टाकलं तर लोक म्हणतील बायकोकडून लिहून घेतो," असं म्हणायचे. अहो, घेतच होता की! पण मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. लोक ह्यांच्या लेखणीचं कौतुक करायचे आणि हे माझ्याकडे बघून मिशीत हसायचे, तेव्हा उलट मजा यायची.

चौदा महिन्यांपूर्वी हे गेले त्या दिवशी सगळ्यांच्या गाड्या आमच्या गल्लीत ओळीने उभ्या होत्या. त्यानंतर गल्ली रिकामी. त्यांच्यात कोणी वाईट नाही. पण एकट्या बाईकडे जाऊन बोलायचं काय, असं त्यांना होत असणार. मला फोन यायचे ते वेबसाइटचे. "वहिनी, तारीख बदला." "वहिनी, नवा फोटो टाका." दोन मिनिटांचं काम, मी ते दहा मिनिटं ताणायची. त्यांच्या गुडघ्याचं विचारायची, त्यांच्या सुनेचं विचारायची, गावात नसलेल्या माणसाचंही विचारायची. आमचे चिरंजीव शनिवारी फोन करतात, त्यातला निम्मा वेळ "आई, बाबांची गाडी विकून टाक" यातच जातो. बाकी आठवडाभर घरात आवाज म्हणजे फ्रिजचा. वेबसाइट हातातून गेली की माझा फोन वाजायला काही कारणच उरत नव्हतं. गोष्ट एवढीशी, पण तिची मला भीती वाटत होती.

सेक्रेटरी भावजींना फोन लावला. ह्यांचे जुने दोस्त. फार भिडस्त माणूस, फोनवरसुद्धा मान खाली घालून बोलतोय असं वाटतं.

"वहिनी, नव्या कमिटीने ठरवलंय. सहलींच्या तारखा, फोटो, गप्पा, सगळं आतल्या पानांवर. बाहेरच्यांना फक्त पहिलं पान दिसणार."

"म्हणजे मी बाहेरची?"

"छे छे! तुम्ही तर घरच्या."

"घरच्या माणसाला दाराबाहेर उभं करतात?"

भावजींनी घसा खाकरला. "नियम आहे हो. मालकांचा क्लब आहे. गाडी ज्याच्या नावावर, तो सभासद. तुमच्या साहेबांनीच केलेला नियम."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या, पण बोलायला तोंड नव्हतं. नियम खरंच ह्यांचाच होता. एकदा एक गृहस्थ मेहुण्याची गाडी आपली म्हणून मिरवत आले, आणि वाटेत पेट्रोल भरायची वेळ आली तेव्हा टाकीचं झाकण कसं उघडतं तेच त्यांना ठाऊक नव्हतं. तेव्हापासून हा नियम. आणि टाइप कोणी केला? मीच.

दोन दिवसांनी वेबसाइटवालीचा परत फोन. जुने साडेअकराशे फोटो ती नव्या साइटवर हलवत होती.

"काकू, एक विचारू? कमिटीने सांगितलंय, सगळे फोटो चौकोनी कापायचे, सभासद आणि त्याची गाडी दिसली म्हणजे झालं. पण चार नंबरच्या काकांच्या प्रत्येक फोटोत मागे एक बाई बसलीय, हेल्मेट घातलेली. ती सारखी कापली जातेय. कोण आहे ती?"

"मी."



"सॉरी, काकू. मला खरंच..."

"अगं, तुला कसं कळणार? तोंडावर काच असते ना."

आवाज साधा ठेवला मी. पण फोन ठेवून तिने पाठवलेलं पान उघडलं. घाटात हे, पुलावर हे, नदीच्या काठाला हे. प्रत्येक चौकोनात ह्यांच्या पोटाशी गुंफलेले माझे दोन हात, आणि त्या हातांच्या मागे बाईच नाही. राग आला, रडू आलं, आणि दोन्हींचं काय करायचं ते कळेना. मी तिला उलट फोन लावला. "हे बघ, एकही फोटो कापायचा नाही. कमिटीने विचारलं तर माझं नाव सांग." वास्तविक माझ्या नावाला तिथे काय किंमत होती, ते मला चांगलंच ठाऊक होतं. पण ती पोरगी गुणाची. म्हणाली, चौकोनी कापायचं राहू दे, पूर्ण फोटोच टाकते, बघू कोण काय म्हणतं.

संध्याकाळी मी नियमांचं पान काढलं आणि तिसरा नियम परत वाचला. "गाडी सभासदाच्या स्वतःच्या नावावर असावी." पुढे पूर्णविराम. ती त्याला चालवता आली पाहिजे, असं कुठेही नाही. आणि ह्यांनी सांगितलेला शब्द मी कधी गाळत नसे.

शनिवारी चिरंजीवांना सांगितलं, गाडी माझ्या नावावर करायचीय, वारस म्हणून तुझी सही लागेल.

"आई, तुला साधी सायकल येत नाही! नावावर घेऊन करणार काय?"

"तुला अंडं उकडता येत नाही, तरी तुझ्या घरात स्वयंपाकघर आहे ना?"

मागून सूनबाई फिस्सकन हसल्याचं ऐकू आलं. चार दिवसांत सही आली.

वाहन नोंदणीच्या कचेरीत तिसऱ्या खिडकीवर एक कारकून होते, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी कागद उलटेपालटे करून पाहिले.

"मालक कोण होणार?"

"मी."

"आणि चालवणार कोण?"

"ते फॉर्ममध्ये विचारलंय का?"

त्यांनी चष्मा खाली घेतला, फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. "नाही."

"मग?"

शिक्का मारला बिचाऱ्याने. बाहेर आले तेव्हा मला कोणाला तरी ते सांगावंसं वाटलं. कचेरीच्या पायऱ्यांवर उभं राहून फोनमधली नावं वर-खाली केली. सगळी नावं ह्यांच्या मित्रांची. मग फोन पर्समध्ये ठेवला आणि बस पकडली.

सभासदत्वाचा फॉर्म नव्या साइटवर भरायचा होता. नाव, गाडीचा नंबर, इंजिनाचा नंबर, कुठल्या साली घेतली. आतापर्यंतचा प्रवास किती किलोमीटर? लिहिलं, एक लाख बारा हजार. कुठल्या सीटवरून ते विचारलं नव्हतं. शेवटी एक चौकट होती: मालकाचा गाडीसोबत फोटो. तो दिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना. इथे घोडं अडलं, कारण फोटो काढायला दुसरं माणूस लागतं.

तळमजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात, आता काम थांबवलेले. त्यांचं दार वाजवलं. मी पार्किंगमध्ये जाऊन गाडीवरचं कव्हर काढलं, आरसे पुसले, टाकी पुसली, आदल्या दिवशी किराणामालवाल्याच्या माणसाकडून चाकांत हवा भरून घेतली होती. जॅकेट घातलं. ते जरा घट्ट झालं होतं, पण चेन लागली. हेल्मेट मांडीवर घेणार म्हणून केस नीट केले. गाडीवर चढून बसले आणि पाठ ताठ केली. डॉक्टरांनी फोन आडवा धरला, उभा धरला, परत आडवा धरला.

"हसा थोडं. दात दिसू देत," ते म्हणाले. जन्माची सवय!

मला मनापासून हसू आलं. तोच फोटो त्यांनी टिपला. वर येऊन मी तो न बघताच चढवला, कारण चष्मा सापडेना आणि धीरही निघेना.

तीन दिवसांनी भावजींचा फोन. "अभिनंदन, वहिनी. कमिटीत एक-दोघांनी फाटे फोडले. पण नियम वाचून दाखवल्यावर गप्प बसले. क्रमांक त्रेचाळीस."

त्रेचाळीस! मी दोनदा म्हणायला लावलं त्यांना. फोन ठेवला आणि अख्ख्या घरातून एक चक्कर मारून आले, उगाचच. ह्यांच्या फोटोपुढे थांबून म्हटलं, "ऐकलंत का? तुमच्याच नियमाने आत शिरले." मग चहा टाकला. हात सवयीने दोन कप काढतो तो काढलाच, पण त्या दिवशी दुसरा कप परत ठेवताना जड गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवी साइट सुरू झाली. वेबसाइटवालीने मला पहिला फोन केला.

"काकू, सभासदांचं पान उघडा."

उघडलं. एकाखाली एक सगळे जण, प्रत्येक जण आपल्या गाडीवर, हात हँडलवर. मी यादी खाली ओढत गेले. भावजी, त्यांच्या खाली बाकीचे, आणि अगदी शेवटी मी.

"फोटो खूप छान आलाय," ती म्हणाली. "फक्त, काकू... तुम्ही मागे बसलाय."

मी चष्मा पुसला. खरंच. जॅकेट घातलेली, तोंडभर हसणारी बाई मागच्या सीटवर नीट बसलेली, एक हात मांडीवरच्या हेल्मेटवर. दुसरा हात पुढे गेलेला, थोडा वाकडा, जसा कोणाच्या कमरेला धरायला जातो तसा. आणि पुढची अख्खी सीट रिकामी. डॉक्टरांना ते दिसलं नाही, मला तर नाहीच नाही.

"काकू? आहात ना?"

"आहे."

"दुसरा काढून पाठवता का? मी लगेच बदलते."

"थांब जरा," म्हटलं. फोन चालू ठेवूनच खाली गेले. कव्हर काढलं. पुढच्या सीटवर हात फिरवला, हँडल धरलं, पाय टाकायला उचलला आणि उतरवला. परत उचलला. गुडघा दुखत होता, पण गुडघ्याचं निमित्त सांगण्यात अर्थ नाही. मला तिथे बसता येईना. तिथे बसले असते तर मागे वळून बघावं लागलं असतं की मागे कोण आहे, आणि मागेही कोणी नसतं. मी तशीच उभी राहिले आणि रडले, पार्किंगमध्ये, भर दुपारी, फोन कानाला लावून. ती पोरगी फोन धरून राहिली. बाळ तेवढं मधून मधून बोलत होतं.

शेवटी नाक पुसून मी म्हटलं, "तोच राहू दे."

"पण काकू, पुढे कोणीच दिसत नाहीये. लोक विचारतील."

"विचारू देत गं. चौदा महिन्यांत कोणी विचारलेलं नाही."