दातांच्या दवाखान्यावरचा हॉल

खाली दवाखाना, वर हॉल, आणि दोन्ही दादाचे. दादा दातांचा डॉक्टर. वरचा हॉल त्याने बहिणीला फुकट वापरायला दिला होता. तिने तिथे कलादालन थाटलं. मोठी दालनं ज्यांना दारातूनच परत पाठवतात, ज्यांचं काम बघून लोक "यात कला कुठे आहे?" असं विचारतात, त्यांच्यासाठी. चाळिशी उलटली तरी सगळी गल्ली तिला धाकटीच म्हणायची.

या खेपेला लाकडात काम करणारी एक कलाकार आली होती, सगळे तिला सुतारीणच म्हणायचे. ती जन्मापासून बहिरी. ओठ वाचायची, आणि बोलायचं ते मोबाइलवर टाइप करून दाखवायची. तिने हॉलभर फळ्यांची जमीन घातली आणि खाली थरथरणाऱ्या छोट्या विजेच्या मोटारी बसवल्या. वर आडवं पडलं की पाठीच्या कण्यातून लाटा जायच्या. तिला संगीत असंच कळायचं. धाकटी पहिल्यांदा पडली ती बराच वेळ उठलीच नाही.

दुसऱ्याच दिवशी दादा तोंडावरच्या मास्कसकट वर आला.

"छोटे, माझ्या हातात ड्रिल असतं गं! पेशंट आ वासून पडलेला, आणि वरून घर्रर्र. कुणाच्या जिभेला भोक पडलं म्हणजे?"

"दादा, प्रदर्शन आहे. बंद कसं करू?"

"बंद कर कुठे म्हणतोय? दवाखाना मिटला की लाव. दिवसा लोकांना नुसतं लाकूड बघू दे."

धाकटी कात्रीत सापडली. तिने हो म्हणून टाकलं आणि दारावर नव्या वेळेची पाटी लावली.

सुतारणीने पाटी वाचली आणि मोबाइल धाकटीच्या नाकासमोर धरला. 'मला विचारलंत?'

"अगं, जागा दादाची आहे..."

'बोलता येणारे दोघं बसून माझ्या कामाचं ठरवतात. हे बाहेर रोजचंच आहे. इथे नसेल असं वाटलं होतं.'

धाकटीचा पारा चढला. तुझ्यासाठी मी किती जणांशी वाकडं घेतलंय, तुला काय ठाऊक, असं तिने तावातावाने सुनावलं. पण सुनावताना तोंड होतं खिडकीकडे. सुतारणीला त्यातलं अक्षरही कळलं नाही. वळून पुन्हा म्हणायचा धाकटीला धीर झाला नाही.

दुपारी दवाखाना भरलेला असताना सुतारणीने मोटारी चालू केल्या. खाली ट्रेमधली हत्यारं खणखणली. दादाने सरळ मेन स्विच खाली ओढला.

संध्याकाळपर्यंत सुतारणीने सगळी जमीन उकलली होती. समोरच्या मेकॅनिकने तिला गॅरेजचा अर्धा भाग रिकामा करून दिला. तिथे दिवसभर इंजिनं घुरघुरायची, कुरकुर कोण करणार? फळ्या वाहायला धाकटीने हात लावला. सुतारणीने लावू दिला, पण मोबाइल काही खिशातून काढला नाही.

दोन-तीन दिवसांनी धाकटी गॅरेजमध्ये गेली. मेकॅनिकची आई फळ्यांवर, चष्मा पोटावर ठेवून निवांत पडली होती. शेजारी दुकानातल्या दोन पोरी. सुतारणीने कुणालाही करावी तशी चपला काढायची खूण केली. धाकटी पडली. हॉलपेक्षा इथे जास्त छान लागत होतं, आणि याचाच तिला राग येत होता. इतकं चांगलं काम, आणि त्यात आपला काडीचा वाटा नाही.

परत आली तर हॉलमध्ये दादा खिळे ठोकत होता आणि वहिनी एकेक चित्र हातात देत होती. फुलदाण्या. सगळ्या वहिनीच्या हातच्या.

"हॉल ओकाबोका बरा दिसत नव्हता गं," वहिनी मायेने म्हणाली.

"आणि या आवाज करत नाहीत," दादा हसला.

धाकटीने किल्ली टेबलावर ठेवली. "ही घे, दादा."

"वेडी आहेस का? दुसरी जागा कुठून आणणार?"

"माहीत नाही."

ती जिना उतरली. पुढच्या तीन कलाकारांना तारखा देऊन झाल्या होत्या, हे तिला अर्ध्या जिन्यात आठवलं. त्यांनाही तिने विचारलं नव्हतं. ती कठड्याला धरून तिथेच उभी राहिली. वर दादाचा हातोडा चालूच होता.