खालची उजवी दाढ

माझ्या मुलीच्या तोंडात दुसऱ्या कुणाचं तरी काम आहे हे मला कळलं, तेव्हा तिची उन्हाळ्याची सुट्टी संपायला चार दिवस उरले होते.

मी दातांची डॉक्टर आहे. दवाखाना आमच्या घराच्याच तळमजल्यावर, वर आम्ही तिघं. तिघं म्हणजे आता वर्षातले दहा महिने दोघंच, मी आणि नवरा. लेक परगावी विद्यापीठात शिकते, दुसरं वर्ष आत्ताच संपलं. तिचे दुधाचे दात माझ्या बोटांत पडले. नंतरचे वाकडेतिकडे आले, ते मी तारा लावून सरळ केले, दोन वर्षं तिची रडारड ऐकत. एकोणीस वर्षांत तिच्या तोंडात माझ्याशिवाय कुणाचा आरसा गेला नव्हता. लोकांच्या आया मुलांच्या वह्या जपून ठेवतात, मी तिच्या दातांचे साचे ठेवले आहेत. पाच वर्षांची, आठ वर्षांची, बारा वर्षांची, कपाटात ओळीनं.

ती शिकायला बाहेर गेल्यापासून सुट्टीतली एक दुपार ठरलेली. दवाखाना बंद करण्याआधीची शेवटची पेशंट ती. तपासणी, सफाई आणि गप्पा. गप्पा म्हणजे बोलायचं मी. तिच्या तोंडात नळी, आरसा आणि माझी दोन बोटं असतात, ती काय बोलणार? मागच्या वर्षी मी एक युक्ती काढली होती. एकदा मान हलवली की हो, दोनदा हलवली की नाही. दहा मिनिटांत मला कळलं, की एका विषयात ती कशीबशी पास झालीय आणि वर्गातला एक मुलगा तिला आवडतो. घरात तीन आठवडे दातांच्या कण्या करूनही जे कळलं नव्हतं, ते खुर्चीवर दहा मिनिटांत! मी स्वतःवर इतकी खूश झाले, की संध्याकाळी तिच्या आत्याला फोन करून सगळं सांगून टाकलं. आत्यानं दुसऱ्या दिवशी लेकीला फोन करून प्रेम आणि अभ्यास यांवर पाऊण तास ऐकवलं. लेक मला काहीच बोलली नाही. मला वाटलं, चला, मनावर घेतलं नाही.

या सुट्टीत मात्र ती दुपार पुढेपुढे जात राहिली. आज डोकं दुखतंय, उद्या मैत्रीण येणार आहे, परवा बघू. सकाळी मात्र बऱ्याचदा बाईसाहेब लायब्ररीत. तिचे बाबा शाळेत गणित शिकवतात, त्यांनाही सुट्टी, तेच सोडायला आणि आणायला. मी कौतुकानं पेशंटना सांगत होते, की सुट्टीतही अभ्यास करते हो आमची. शेवटी सोमवारी मी हातच धरला आणि तिला खाली नेलं.

ती खुर्चीवर आडवी झाली आणि डोळे मिटून घेतले. तोंड अर्धंच उघडलं.

"मोठा आ कर."

तिनं केला. मी दिवा खाली ओढला, आरसा आत घातला, आणि खालच्या उजव्या दाढेवर एक नवीकोरी कॅप चमकत होती.

कॅप म्हणजे एका बैठकीचं काम नाही. त्याआधी रूट कॅनाल, मग माप, मग बसवणं, पुन्हा तपासणं. चार-पाच खेपा होतात. मी आरसा तिरपा केला. जिभेच्या बाजूला, हिरडीलगत, धातूची बारीक कड ठेवलेली होती. आता अशी कड कुणी ठेवत नाही. या गावात तरी एकच बाई ठेवते.

ती बाई माझी भागीदार होती. अकरा वर्षं आम्ही याच दवाखान्यात पाठीला पाठ लावून काम केलं. या धातूच्या कडेवरून आमची किती वेळा जुंपली असेल! मी म्हणायची, दिसायला घाण दिसतं, ती म्हणायची, टिकतं. लेक तिला मावशी म्हणायची, शाळेतून आली की आधी तिच्या स्टुलावर जाऊन गोल गोल फिरायची. सहा वर्षांपूर्वी या मावशीनं दोन गल्ल्या सोडून स्वतःचा दवाखाना थाटला आणि माझे निम्मे पेशंट तिकडे गेले. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं. त्यानंतर मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. तिच्या गल्लीतून जायचं टाळते, भले वळसा पडो.

"हे कधी केलंस?" मी विचारलं.

लेकीनं माझं मनगट धरलं आणि माझा हात तोंडाबाहेर काढला. असं तिनं आजवर कधी केलं नव्हतं.

"आधी हात काढ, मग विचार," ती उठून बसत म्हणाली.

"कुणी केलं ते विचारत नाहीये. ते दिसलं मला. कधी?"

"याच सुट्टीत."

"याच सुट्टीत? या घरात राहून?"

"सकाळी जायचे."

"सकाळी तर तू लायब्ररीत..." एवढं बोलून मी थांबले. लायब्ररीत तिला बाबा सोडायचे.

मी हातमोजे ओरबाडून काढले आणि जिना चढून वर गेले. नवरा गॅलरीत खुर्चीच्या पायाला खिळा ठोकत होता. माझा चेहरा बघून त्यानं हातोडी खाली ठेवली.

"कळलं का?" तो म्हणाला.

"किती वेळा नेलंस तिला?"

"पाच."

"पाच वेळा तू त्या बाईच्या दारात बसलास?"

"आत बसलो. बाहेर ऊन होतं."

"पाच वेळा घरी येऊन मला सांगितलंस, लायब्ररीत गर्दी होती म्हणून!"

"तिनं शपथ घातली होती गं. काय करणार होतो मी?"

"मला सांगणार होतास. दुसरं काय?"

आमच्या घरात तो कमी बोलतो आणि मी त्याला साधाभोळा समजते. बावीस वर्षं समजत आलेय. गॅलरीच्या कठड्याला धरून मी खूप रडले. दाढेसाठी नाही. दोघांनी मिळून, हसतखेळत, पाच सकाळी माझ्या डोळ्यांत धूळ फेकली आणि मी वरून त्यांना डबा भरून दिला, म्हणून रडले. तो जवळ येऊ लागला तेव्हा मी त्याला झिडकारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, त्या मावशीचा दवाखाना जेवणासाठी बंद व्हायच्या वेळेला, मी त्या गल्लीत शिरले. सगळं पाठ करून गेले होते. विश्वासघातकी, पेशंटचोर, आता माझी मुलगीही हवी का, वगैरे. आत कुणी नव्हतं. भिंती फिक्या हिरव्या, बाकावर साफ धुतलेली गादी, आणि काउंटरवर पेनांच्या शेजारी माझ्या नवऱ्याच्या चष्म्याची डबी. ती डबी मी दोन आठवडे घरभर शोधली होती, पलंगसुद्धा सरकवला होता. तोही माझ्याबरोबर वाकून शोधत होता.

ती आतून हात पुसत आली. केस बरेच पांढरे झाले होते.

"येशील असं वाटलंच होतं. बस."

"बसायला नाही आले."

"मग उभ्यानं बघ." तिनं पाकिटातून दोन एक्स-रे काढून खिडकीच्या काचेवर धरले. राग कितीही असो, एक्स-रे समोर आला की माझे डोळे आपोआप तिकडे जातात. दाढेच्या दोन्ही मुळांच्या टोकाला काळे डाग होते, वाटाण्याएवढे. दुसऱ्या फोटोत मुळं शेवटपर्यंत भरलेली, सुबक. मी केलं असतं तर यापेक्षा चांगलं झालं नसतं.

"हिवाळ्यापासून दुखत होती," ती म्हणाली. "वेदनाशामक गोळ्या खाऊन परीक्षा दिली पोरीनं. मी म्हटलं, तिकडेच कुणाला का नाही दाखवलंस? तर म्हणाली, सुट्टीत आई करेल म्हणून थांबले."

"मग? मी काय मेले होते?"

"घरी येऊन आठवडा झाला होता तिला. रोज तुझ्यासमोर बसून जेवत होती, एका बाजूनं चावत. तू बघशील म्हणून वाट पाहिली तिनं. आठव्या दिवशी माझ्याकडे आली."

मला एकदम सफरचंद आठवलं. पूर्वी ती सफरचंद तसंच चावून खायची, रस हनुवटीवर. या वेळी सुरीनं पातळ फोडी करून खात होती. मी म्हटलं होतं, वा, परगावी राहून रीत आली हो. आणि लगेच विचारलं होतं, खोलीवर कोण कोण असतं, तो मुलगा अजून बोलतो का, मार्क कधी कळणार. सात दिवस, रोज दोन्ही जेवणांना, मी तिच्या तोंडाकडे बघत होते, पण ती खरं बोलतेय की खोटं हे ओळखायला. चोवीस वर्षं मी लोकांची तोंडं बघून पोट भरते. समोर बसलेल्या माझ्या पोरीचा गाल सुजलेला मला दिसला नाही.

"तू मला एक फोन करू शकली असतीस," मी म्हणाले. आवाज हवा तेवढा चढला नाही.

"ती सज्ञान आहे. कुणाला सांगू नका म्हणाली, नाही सांगितलं. माझ्या जागी तू असतीस तर सांगितलं असतंस?"

मी सांगितलं असतं. त्याच संध्याकाळी सांगितलं असतं, तेही दोन-तीन जणांना. हे तिलाही माहीत होतं आणि लेकीलाही.

"कॅप चावताना किंचित उंच लागतेय म्हणत होती," ती एक्स-रे पाकिटात भरत म्हणाली. "उद्या बोलावलं होतं मी. पण तूच कर. अर्ध्या मिनिटाचं तर काम."

मी पाकीट घेतलं, चष्म्याची डबी घेतली आणि निघाले. आभार मानले नाहीत. तेवढं मोठं मन माझं नाही, आणि गळा कापल्याचं मी अजून विसरलेले नाही.

घरी लेक बॅग भरत होती. मी दारातच उभी राहिले.

"दाढ उंच लागतेय ना?"

तिनं पाकिटाकडे पाहिलं आणि समजली. "थोडी."

"चल खाली. बसवून देते नीट."

ती जागची हलली नाही. "प्रश्न विचारणार नाहीस?"

"नाही."

"मान हलवायची वगैरे नाही?"

"नाही म्हटलं ना."

ती आली. मी दिवा ओढला, दातांमध्ये निळा कागद ठेवला आणि चावायला लावलं. कॅपवर एक गडद ठिपका उमटला, तेवढाच घासायचा. अर्धं मिनिट खरंच, पण त्या अर्ध्या मिनिटात मला कळलं, की गप्प राहून मी कधी कुणाच्या तोंडात काम केलेलंच नाही. यंत्राचा आवाज एवढा मोठा असतो हेही मी पहिल्यांदाच ऐकलं. जिभेवर आलेला एकेक शब्द मी गिळत होते. तिचे डोळे उघडे होते आणि ती माझ्याकडे बघत होती. पुन्हा कागद, पुन्हा चावणं, थोडं घासणं, गुळगुळीत करणं.

"चूळ भर. आता?"

तिनं दोनदा दात आपटून पाहिले. "बरोबर बसली."

मी खुर्ची सरळ केली. ती उतरली नाही. पाय लोंबकळत ठेवून बसून राहिली, लहानपणी बसायची तशी. मला वाटलं, आता सॉरी म्हणेल. आता गळ्यात पडेल. मी तर पडायला तयारच होते, नुसतं स्टूल पुढे सरकवायची खोटी.

"आई, पुढच्या उन्हाळ्यात मी घरी येणार नाही," ती म्हणाली. "तिकडेच काम मिळतंय, पूर्ण सुट्टीभर. हो म्हणून कळवलंय मी."

"बाबांना..."

"माहीत आहे." मग थोडं थांबून म्हणाली, "मावशीलाही."

म्हणजे या वेळीही मी शेवटची. माझ्याकडे दहा प्रश्न तयार होते. कुठलं काम, कुणाबरोबर, तो मुलगाही तिथेच का, निदान आठ दिवस तरी येशील की नाही, आणि सगळ्यात खालचा एक, की हे माझ्यामुळे का. तिच्या तोंडात आता काही नव्हतं. विचारलं असतं तर तिला उत्तर देता आलं असतं. पण मी शब्द दिला होता, आणि या घरात इतरांनी मला फसवलं तसं निदान मी तरी तिला फसवू नये, असं मला वाटलं. आरसा उकळायच्या भांड्यात टाकला. हात धुतले, पुसले. शेवटी एकच विचारलं, डॉक्टरनं विचारावं तसं.

"तिकडे दातांचा कुणी चांगला डॉक्टर आहे का?"

"आहे," ती म्हणाली. "या वेळी आधीच बघून ठेवलाय."