साळखात्यातली बोली

परदेशी कापड स्वस्त झालं, कापडगिरणीला टाळं लागलं, आणि मग सरकारला कामगारांचा भारी कळवळा आला. आयात मालापायी ज्यांच्या हातचं काम गेलं, त्यांना दुसरं काम शिकवायचं अशी योजना निघाली. तिच्यावर समन्वयक म्हणून नेमली गेली चिमणी. कचेरीत तिला सगळे मॅडम म्हणत, पण चाळिशी उलटली तरी थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, लेखी ती चिमणीच होती. हुद्दा ऐकायला झकास. प्रत्यक्षात या खात्याचा निरोप त्या खात्याला पोचवायचा आणि दोन्हीकडून बोलणी खायची. वेल्डिंगच्या वर्गाला जागा होती तेव्हा शिकवणारा नव्हता. शिकवणारा सापडला तोवर यंत्रं दुसऱ्या शहराने पळवली होती. शेवटी हाताशी उरला एकच वर्ग, फोनवरून गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून घ्यायचा. आणि त्या वर्गाला तिला पाठवावे लागले कोण, तर साळखात्यातले विणकर.

साळखातं म्हणजे गिरणीतली माग चालतात ती जागा. तिथे सगळे माग एकदम धडधडू लागले की माणसाचा आवाज सोडा, गिरणीचा भोंगाही कुणाच्या कानी पडत नाही. म्हणून तिथली माणसं घशाला त्रासच देत नाहीत. ओठ ताणून, शब्द चावून चावून, भुवया नि बोटं कामाला लावून बोलतात. आवाज अजिबात नाही. या टोकाचा चेष्टा करतो, त्या टोकाचा हसतो आणि सणसणीत शिवी परत पाठवतो, तीही मुकाट्याने. चिमणीचे वडील तिथलेच, दादाही तिथलाच. घरात आई झोपली की बापलेकांच्या गप्पा याच बोलीत रंगत, आणि लहानगी चिमणी टकामका त्यांच्या तोंडाकडे बघत बसे. तिला ती बोली तशीच आली.

आयुष्यभर ती धडधड सोसून दादाच्या कानांचं जे व्हायचं ते झालं होतं. पण कबूल करील तो दादा कसला? वर्गात घेण्याआधी तपासणी झाली तेव्हा डॉक्टर समोर बसून प्रश्न विचारत गेले, आणि दादा त्यांच्या ओठांवरचं वाचून फटाफट उत्तरं देत गेला. कान शाबूत ठरले. चिमणी शेजारीच उभी होती. तिने तोंड उघडलं असतं तर दादा अपात्र ठरला असता, आणि अपात्र माणसाचा योजनेतला भत्ता तिथल्या तिथे बंद होतो. त्या भत्त्यावरच त्याचं घर चाललं होतं. बाहेर बाकावर वहिनी पदर मुठीत धरून बसली होती. चिमणीने दादाचा अर्ज पुढे सरकवला.

वर्गात दादाने मात्र कमाल केली. सराव समोरासमोर बसून व्हायचा, तिथे त्याला कुणाचा बाप हरवू शकत नव्हता. फोनचा आवाज शेवटपर्यंत वाढवला की तेही बरंचसं कळे. घरी वहिनी गिऱ्हाईक व्हायची आणि पोळ्या लाटता लाटता त्याच्याशी भांडायची. "माझं मशीन आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा, नाहीतर तुमच्या साहेबांना बोलवा," असं ती लाटणं रोखून म्हणे. दादा अदबीने समजूत घाली. "लग्नानंतर इतकं गोड पहिल्यांदाच बोलताहेत," असं वहिनी चिमणीला सांगायची.

परीक्षा एकदाच. पास झाला तर खुर्चीवरची नोकरी, नापास झाला तर प्रशिक्षण संपलं आणि भत्ताही संपला. परीक्षक एका खोलीत, उमेदवार दुसऱ्या खोलीत, मधे फक्त फोन. चिमणी काचेबाहेर उभी होती. दादा आत पाठ ताठ करून बसला होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं तिला बाहेरून दिसत होतं.

फोन वाजला आणि नेमकी वीज गेली. तळघरात जनरेटर सुरू झाला. जुनं धूड ते, सगळी इमारत थरथरू लागली. जमीन पायाखाली धडधडायला लागली तसे दादाचे खांदे सैल पडले. चेहरा निवळला. इतक्या महिन्यांत चिमणीने त्याला असा निवांत पाहिला नव्हता. आणि तो बोलू लागला.

नमस्कार, आपली काय अडचण आहे? ओठ ताणलेले, भुवया उंचावलेल्या, मोकळा हात हवेत. बाई, तुमचा त्रास मला समजतो. रागावू नका, मी आहे ना. नंबर सांगा, मी स्वतः लक्ष घालतो. चिमणीने एकूण एक शब्द वाचला. पाठ केलेलं तर होतंच, वर त्याचं स्वतःचं मार्दवही होतं. आवाज तेवढा नव्हता, साळखात्यातल्यासारखाच. कानाला आपला आवाज कधीचाच लागत नव्हता, त्यामुळे तो गेल्याचं त्याला कळणार कसं?

तिने हात हलवले. त्याची नजर फोनवर. काचेवर टकटक केली तर परीक्षा रद्द. ती नुसती बघत राहिली. भाऊ आत सुरेख बोलत होता.

परीक्षक बाहेर आले. माणूस वाईट नव्हता. "मॅडम, तुमचा उमेदवार काहीच बोलला नाही हो. मी चारदा विचारलं."

"बोलला, साहेब. सगळं बोलला. मी वाचलंय." तिने घाईघाईने साळखात्यातली बोली समजावून सांगितली.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "पण फोनवरचं गिऱ्हाईक कसं वाचणार?"

"वीज आली की पुन्हा घ्या ना. एकदाच."

"पुन्हा घ्यायची नाही, असं तुमच्याच कचेरीने कळवलंय. ते पत्र तुम्हीच तर पाठवलंत."

कानांचं सांगावं, तर तपासणीतली लबाडी उघडी पडणार आणि आजवरचा भत्ताही सरकार परत मागणार. न सांगावं, तर दादा नुसताच गप्प बसलेला ठरणार.

दादा घाम पुसत बाहेर आला. वहिनी जिन्यापाशी उभी होती. जनरेटर अजून धडधडत होता, म्हणून त्याने ओठांनीच विचारलं, "कसं झालं?"

वहिनीला ही बोली कधी जमली नाही. "काय म्हणताहेत?" तिने चिमणीला विचारलं.

चिमणीने दादाकडे बघून ओठ हलवले. "एक शब्द चुकला नाही, दादा."

खोटं नव्हतं ते. दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेवढ्यात वीज आली, जनरेटर बंद पडला, पायाखालची जमीन गप्प झाली. आणि दादाचा आवाज परत आला, भरदार, खणखणीत, सगळ्या मजल्यावर घुमणारा.

"ऐकलंस का गं? पास झालो मी."

दारातले परीक्षक हातातलं पेन तसंच धरून थांबले. वहिनी रडत हसत होती. दादा-वहिनी दोघंही आता चिमणीच्याच तोंडाकडे बघत होते. तिला दोन्ही बोली येत होत्या, पण पुढचं सांगायला एकीतही शब्द सापडेना.