लाल दिवा

उजव्या तर्जनीच्या टोकाशी, जिथे बारीक रेषांची वळणं असायला हवीत, तिथे कातडी सपाट आणि किंचित चकचकीत होती. बोट उजेडात तिरपं धरलं तर कडेला दोन-चार रेषा दिसत. मध्यभागी काहीच नाही. रुग्णालयाच्या धुलाईघरात वर्षानुवर्षं ब्लीचच्या पाण्यात हात घालणाऱ्या बायकांचं असंच होतं. धाकटीही त्यांतलीच. तिला हे ठाऊक होतं, पण त्याने भीती कमी होत नव्हती.

तिने ठसे घेणाऱ्या यंत्राच्या काचेवर पुन्हा बोट टेकवलं. यंत्राचा दिवा लाल झाला.

"सराव आहे हा नुसता," वकीलबाई म्हणाल्या. "याची नोंद कुठेही होत नाही."

धाकटीने हात कोटाच्या खिशात लपवला.

वाचनालयाच्या सभागृहात टेबलं मांडली होती. मोफत सल्ला केंद्राच्या वकीलबाई, दवाखान्यातली नर्स आणि मुलाखतीची तयारी करून घेणारे भाषावर्गाचे मास्तर, सगळे एकाच छताखाली. पूर्वी नागरिकत्वाच्या अर्जासाठी या प्रत्येकाकडे वेगळे खेटे घालावे लागत. आता या संस्था मिळून अधूनमधून असा एक दिवस ठरवत. मागच्या खेपेला धाकटी दारातूनच परतली होती. आज थोरल्या जावेने तिला दंडाला धरून आणलं होतं. घरात नागरिकत्व मिळायची राहिलेली ती एकटीच.

"ताई, चला ना घरी," ती कुजबुजली.

"घरी जाऊन काय करणार? परत कपाटं आवरणार? सकाळपासून तीन वेळा आवरून झालीत तुझी."

धाकटीला हसू आलं नाही. तिला विमानतळ आठवत होता. तिथेही असाच लाल दिवा लागला होता. नवरा आणि लेक काचेपलीकडे गेले आणि तिला बिनखिडकीच्या खोलीत बसवलं. कुणी ओरडलं नाही. एक अधिकारी तेवढा तिचा फोटो आणि तिचा चेहरा आळीपाळीने बघत राहिला. बाहेरून लेकीचं रडणं ऐकू येत होतं, मग ते येईनासं झालं. शेवटी सोडलं त्यांनी, पण ती शांतता तिच्या कानातून गेली नाही. त्यानंतर तिने प्रवासच केला नाही. अर्जाचा विषय निघाला की ती उठून कपाटं आवरायला घेई. आपणहून अर्ज करायचा आणि ‘ही ती बाई नव्हेच’ असं ऐकायचं? लेकीपासून तोडलं तर?

नर्सने भिंग धरून तिची बोटं पाहिली. "सकाळी हातांना काय केलंत?"

"घासले. तारेच्या घासणीने. ठसे स्वच्छ उमटावेत म्हणून."

"अगं बाई!" थोरली म्हणाली. "पातेलीसुद्धा इतक्या मायेने घासली नाहीस कधी!"

नर्स हसली. "उरल्यासुरल्या रेषाही घालवल्यात. काही आठवडे हातमोजे वापरा आणि रात्री मलम लावा. काही परत येतील. सगळ्या येतीलच असं नाही."

"नाही आल्या तर?"

वकीलबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "तर कामामुळे कातडी झिजलीय असा दाखला दवाखाना देईल. धुलाईघराकडून कामाचं पत्र मी आणते. मास्तर तुम्हाला कित्येक वर्षं ओळखतात, ते साक्षीला येतील. मुलाखतीला मी शेजारी बसेन. पण होईलच, असा शब्द मी देऊ शकत नाही."

"मग वास्तव्याच्या परवान्यावरच राहते. तो तर मिळतोच."

वकीलबाईंनी नकारार्थी मान हलवली. "पुढच्या नूतनीकरणापासून परवान्यालाही हेच यंत्र लागणार आहे. आणि तेव्हा अशी तयारी करायला वेळ नसेल."

इतकी वर्षं धाकटी ज्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती, तो कोपराच उरला नव्हता. तिने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने तिच्या पाठीवर नुसता हात ठेवला.

"भीती जाणार नाही ना माझी?" धाकटीने विचारलं.

"नाही," वकीलबाई म्हणाल्या. "निकाल लागेपर्यंत तरी नाही."

धाकटीने मान वर केली. मग, जरा मोठ्यानेच, शेजारच्या टेबलावरच्या मास्तरांनीही मान वळवावी इतक्या मोठ्याने, ती म्हणाली,

"मला इथलं नागरिकत्व हवंय. मी अर्ज करतेय."