अर्धा मिलिमीटर

बाबा गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्याच्या तिसऱ्या दिवशी हिरामणकाका आले. त्यांच्या मुलीच्या, रुचिकाच्या लग्नपत्रिकेचं काम बाबांनी घेतलं होतं. कॉम्प्युटरवरचं आर्टवर्क तयार होतं, फक्त छपाई राहिली होती.

"जमत नसेल तर अलिबागला टाकतो, वहिनी," ते आईला म्हणाले. "मनात काय आणू नका."

"यांनी घेतलेलं काम हाय," आई म्हणाली. "इथंच होईल."

अलिबागजवळ समुद्राकाठी, थळच्या आमच्या घरात पुढची खोली स्क्रीन प्रिंटिंगची. तीस वर्षं बाबा आर्टवर्क करायचे आणि आई छापायची. मी पुण्यात पुस्तकांची मांडणी करते, त्यामुळे फाइल तपासायचं काम माझ्याकडे आलं.

पत्रिका दोन रंगांची होती. पिवळी चौकट आणि तिच्यात कुंकवी अक्षरं. पिवळ्यावर थेट कुंकवी छापला तर तो विटकरी दिसतो, म्हणून पिवळ्यात अक्षरांपुरती जागा कोरी सोडतात आणि दुसऱ्या फेरीत कुंकवी तिथे बसवतात. मी फाइल मोठी करून पाहिली. बाबांनी सोडलेली जागा प्रत्येक अक्षरापेक्षा लहान होती. पिवळा सगळीकडे अक्षरांच्या काठाखाली शिरलेला, कुठे कमी, कुठे चांगला अर्धा मिलिमीटर.

मला आश्चर्य वाटलं नाही. गेल्या हिवाळ्यात त्यांनी अशीच एक फाइल दाखवायला पाठवली होती. तेव्हा त्यांचा हात थरथरायला लागला होता. मी फोनवर म्हणाले होते, "बाबा, कडा जुळत नाहीयेत तुमच्या. आता थांबवा हे काम." ते "बरं" म्हणाले आणि मी जेवले का ते त्यांनी विचारलं.

एक अख्खी दुपार बसून मी सगळ्या कडा काटेकोर जुळवल्या आणि फाइल त्याच नावाने सेव्ह केली. त्यांच्या शेवटच्या कामात कुणाला चूक दिसू नये, एवढंच मनात होतं.

आईने सकाळी पिवळा छापला आणि कार्डं वाळत टाकली. दुपारी कुंकवीची स्क्रीन लावून, शाईवरून रबरी पट्टी फिरवत तिने पहिलं कार्ड ओढलं, उजेडात धरलं आणि माझ्याकडे दिलं. रुचिकाच्या नावाला डावीकडून पांढरी रेघ होती. केसाएवढी, पण होती. दुसऱ्या कार्डावर ती वरच्या बाजूला गेली.

"स्क्रीन हलली का?" मी विचारलं.

"स्क्रीन न्हाय हलत माझी. कार्ड वाढलं." तिने पट्टी पुसली. "मे महिना हाय. सकाळचं कार्ड दुपारपर्यंत दमट हवा पितं. त्यासाठी हे पिवळा आत सोडायचे. तू काढलास काय तो?"

मी हो म्हणाले.

"पुण्याला कोरडं असतं," आई म्हणाली. त्यात टोमणा होता की माझी सुटका, मला कळलं नाही.

मी कपाटातल्या जुन्या पत्रिका काढल्या. वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या, त्यांचा हात स्थिर होता तेव्हाच्या. भिंगाखाली प्रत्येक अक्षराच्या काठाला एक बारीक गडद धार दिसली. पिवळा तिथेही आत गेला होता, तेवढाच. उभ्या दांड्याला पुरता अर्धा मिलिमीटर, वेलांटीच्या टोकाला कमी, अनुस्वाराला अगदी नावापुरता.

त्यांची मूळ फाइल मी पुसून टाकली होती. म्हणून जुनी पत्रिका शेजारी ठेवून एकेक अक्षराची जागा पुन्हा आत घेतली. दोन दिवस गेले. वेलांटीवर तीनदा चुकले. अलिबागहून पिवळ्याची नवी फिल्म काढून आणली आणि आईने कोऱ्या कार्डांवर पिवळा पुन्हा छापला.

या वेळी कुंकवी नीट बसला. आई कार्डं ओढत होती, मी उचलून वाळायला फळीवर ठेवत होते. पन्नासेक झाली असतील तेव्हा मी तिला फोनवरचं ते सगळं सांगितलं.

तिने पट्टी थांबवली नाही. "मला न्हाय बोलले."

"वाईट वाटलं असेल त्यांना."

"वाटलं असंल," ती म्हणाली. मग पट्टीने शाई ओढून घेत, "तू सांगितल्यावरपण ही पत्रिका घेतलीच की त्यांनी. आणि पिवळा आतच सोडला."

तिने कार्ड पुढे केलं. मी ते दोन्ही हातांनी कडेला धरून उचललं, शाई ओली होती.