वैशाखातली भूल

घाटावरच्या एका थंड गावी, इस्पितळात सहा वर्षं काढून मी श्रीवर्धनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आलो. भूल देण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी स्वतःच सांगत फिरत असे. आता लाज वाटते.

१९३१ च्या वैशाखात चांगदेवाला, माझ्या मेहुण्याला, बैलगाडीत घालून आणलं. आतडं अडकून पोट टम्म फुगलेलं. डॉक्टर म्हणाले, आत्ताच कापायला हवं. त्याची बायको येसूबाय, माझी थोरली बहीण, माझ्याकडे बघून म्हणाली, "सदा भूल देनार असंल तर न्या आत." मीही छाती पुढे काढली.

यंत्र साधंच. रबरी फुगा दाबला की हवा क्लोरोफॉर्मच्या बाटलीतून बुडबुडत जाते आणि वाफ घेऊन रोग्याच्या नाकावरच्या मुखवट्यात येते. घाटावर बाटली गार पडे, वाफच निघत नसे. म्हणून ती सतत मुठीत धरून ऊब द्यायची, असं तिथे शिकवलेलं. माझा हात आपोआप बाटलीभोवती मिटला.

इथे खोलीत आमच्या अंगावरून घामाच्या धारा वाहत होत्या. मी मात्र घाटावरच्याच हिशेबाने फुगा दाबत होतो आणि गडी किती लवकर झोपला म्हणून खूश होतो. मग त्याचे ओठ निळे दिसले. छाती हलेना.

"मुखवटा काढ." डॉक्टरांनी चाकू ठेवला, चांगदेवाचे हात डोक्यामागे ओढले, छातीवर आणून दाबले, पुन्हा ओढले. तेवढ्यात त्यांना माझी मूठ दिसली. "गाढवा, या उकाड्यात बाटली उबवतोस? दुप्पट वाफ पाजलीस त्याला."

बाहेर बसलेल्या बहिणीला काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. कितीतरी वेळाने चांगदेवाने एक घरघरता श्वास घेतला. मग दुसरा.

"बाटली माठातल्या पाण्यात उभी कर आणि पुन्हा सुरू हो. पोट उघडं आहे, अजून अर्धा तास लागेल."

"मला नाही जमणार, डॉक्टर."

"मग इथे दुसऱ्या कोणाला जमतं?"

तो अर्धा तास मी भीत भीत फुगा दाबला. दर श्वासाला त्याच्या नाकाशी बोट नेऊन पाहिलं.

शेवटचा टाका पडल्यावर बाहेर आलो. तो जगेल, एवढंच सांगितलं. येसूबाय पायरीवर सुपारी कातरत बसली होती. "ही बाकीची मानसं लय घाबरली व्हती," ती म्हणाली. "मी न्हाय. तू आत व्हतास ना."

मी खरं सांगणार होतो. तोंड उघडलंही. तिने कातरलेली सुपारी माझ्या हातावर ठेवली, आणि मी ती तोंडात टाकली.